पान, फूल, फळ बघून झाडाचं कुळ कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न (सातारा-सांगलीकरांसाठी)

पाऊस लागला की यवतेश्वर, कास, ठोसेघर, दंडोबा, सागरेश्वर, कुठंही झाडं बघायला गेलं तरी सोबतचे लोक फिरून फिरून तेच विचारतात, "हे कुठल्या फॅमिलीतलं हो?" म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढं सगळीकडं तीच येणार आहे. एका खुणेवर कुळ ठरवायचं नाही. पान, चीक, फूल, फळ यातल्या निदान तीन गोष्टी जुळल्या की मग नाव घ्यायचं.

झाडाचं नाव माहीत असलं की झालं की, कुळ कशाला पाहिजे?

नाव एका झाडापुरतं असतं, कुळ म्हणजे सगळा गोतावळा. जगात फुलझाडांच्या जाती तीन लाखांच्या आसपास आहेत, त्या कुणाच्याच डोक्यात मावत नाहीत, पण कुळं मोजली तर 2016 च्या वर्गीकरणात ती 416 भरतात. त्यातली वीस-पंचवीस नीट ओळखता आली तरी आपल्याकडच्या बांधावर, रस्त्याकडेला, मंडईत दिसणारी बरीचशी झाडं त्यात बसतात. मग कधी न पाहिलेलं झाड समोर आलं तरी "हा वांग्याचा भाऊबंद दिसतोय" एवढं कळतं आणि तिथून पुढं शोधायला सोपं जातं.

सुरुवात कुठून करू? पुस्तक घेऊ का?

पुस्तक नंतर घ्या, आधी मंडईतून पिशवी भरून आणा. पेरू, डाळिंब, वांगं, टोमॅटो एकाशेजारी एक मांडा आणि फुलाचा पुष्पकोश, म्हणजे पाकळ्यांच्या खालची हिरवी वाटी, प्रत्येकात कुठं राहिलाय ते बघा. वांग्याची टोपी देठाकडं असते, टोमॅटोची चांदणी पण देठाकडं. पेरूला मात्र ते वाळकं फुलाचं तोंड देठाच्या बरोबर उलट्या टोकाला, आणि डाळिंबाचा मुकुट पण तिकडंच. याचा अर्थ असा की वांग्या-टोमॅटोत बीजांडकोश, म्हणजे फुलाच्या ज्या भागाचं पुढं फळ होतं तो, पुष्पकोशाच्या वर होता आणि पेरू-डाळिंबात तो खाली होता. कुळ ओळखताना ही फार मोठी खूण आहे, आणि ती फूल न बघता नुसत्या फळावरून कळते. सफरचंदाची पण खालची बाजू बघा, तिथं तेच वाळकं तोंड दिसेल.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हातात आली तर ती पण बघून घ्या. हिरवी पानं देठाकडं, आणि वर जे बारीक दाणे दिसतात ती खरी फळं, लाल गर म्हणजे फुलाचं फुगलेलं बूड. गुलाबाचंच कुळ आहे ते, रोझेसी.

झाडाला फूलही नाही, फळही नाही, नुसती पानं आहेत. मग काय करायचं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी एक पान म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत ते ठरवा. ऊस लावणाऱ्याला डोळा म्हणजे काय ते सांगायला नको, पेरावर पानाच्या बुडाशी असतो तोच. प्रत्येक झाडाला पानाच्या बेचक्यात तसा डोळा असतो, आणि पानाचे जे छोटे भाग असतात, पर्णिका, त्यांच्या बेचक्यात तो नसतो. कढीपत्त्याची काडी घ्या आणि छोट्या हिरव्या "पाना"च्या बुडाशी डोळा शोधा, सापडणार नाही. काडी जिथं फांदीला चिकटते तिथं सापडेल. म्हणजे ती अख्खी काडी मिळून एक पान. कडुनिंब, शेवगा, गुलमोहर सगळ्यांचं असंच, याला संयुक्त पान म्हणतात. इथं घोळ झाला की पुढचं सगळंच चुकतं.

मग बघायचं की पानं समोरासमोर आहेत का एकाआड एक. गुलमोहर आणि नीलमोहर लांबून सारखेच दिसतात, दोघांची पानं पिसासारखी बारीक. पण गुलमोहराची पानं एकाआड एक, नीलमोहराची समोरासमोर. गुलमोहर शेंगांच्या कुळातला, नीलमोहर बिग्नोनिएसीतला, आणि त्याचं फळ चपटं गोलसर लाकडी असतं.

पानं समोरासमोर असतील तर माझी बघायची पद्धत अशी. पान तोडून बघते, पांढरा चीक आला तर रुई-करवंदाचं कुळ, अॅपोसायनेसी. चीक नाही पण पान उजेडात धरल्यावर ठिपके दिसतात आणि कडेला समांतर जाणारी एक शीर दिसते, तर जांभूळ-पेरूचं कुळ, मिर्टेसी. दोन देठांच्या मधे फांदीवर एक छोटी त्रिकोणी पापडी दिसली, ते उपपर्ण, तर रुबिएसी, म्हणजे कॉफी, गेळ, अनंत. खोड चौकोनी आणि पान चुरगळल्यावर वास आला तर तुळशीचं कुळ बघायला घ्यायचं. यातलं काहीच नसेल तर पुढं फुलाची वाट बघायची, उगाच नाव ठोकून द्यायचं नाही.

पानातले ठिपके म्हणजे काय? मला तर दिसतच नाहीत.

लिंबाचं पान सूर्याकडं धरा आणि भिंगातून बघा, आत सुई टोचल्यासारखे उजेडाचे बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या गाठी आहेत, लिंबाच्या पानाचा वास त्यातूनच येतो. लिंबू, संत्रं, कढीपत्ता, बेल, कवठ सगळे एकाच कुळातले, रुटेसी. बेलाचं तीन पर्णिकांचं पान पण चुरगळून बघा. लिंबाच्या पानात अजून एक गंमत आहे, देठ आणि पान जिथं जुळतात तिथं एक सांधा असतो, पान ओढलं की बरोबर तिथंच तुटतं. कारण ते मुळात संयुक्त पान आहे, फक्त एकच पर्णिका उरलीय. पेरूच्या पानात पण ठिपके असतात, पण पेरूची पानं समोरासमोर आणि लिंबाची एकाआड एक, त्यामुळं गोंधळ होत नाही.

पांढरा चीक आला म्हणजे रुईचंच कुळ ना?

नाही, चीक बऱ्याच कुळांत असतो, म्हणून फांदी आणि फळ बघितल्याशिवाय बोलायचं नाही.

वड, पिंपळ, उंबर, फणस यांच्या शेंड्याला टोकदार टोपी असते, ती कोवळ्या पानाला झाकून ठेवते आणि पान उलगडलं की गळून पडते. ती गळाल्यावर फांदीवर गोल अंगठीसारखा वण राहतो, प्रत्येक पानाच्या जागी एक. वडाची वाळकी काडी उचलली तरी हे वण दिसतात. हे मोरेसी. उंबराचं "फळ" उभं चिरलं की आत शेकडो बारीक फुलं आणि बहुतेक वेळा चिलटं पण दिसतात. तीच उंबराची फुलं आणि ते चिलट नसलं तर त्याचं परागीभवन होत नाही.

रुई, करवंद, तगर यांची पानं समोरासमोर. रुईचं फळ फुटलं की म्हातारीसारखे रेशमी झुपके लावलेल्या बिया उडतात. चिकूलाही चीक असतो, पण पानं एकाआड एक, फांदीच्या टोकाला गोळा झालेली आणि बी काळं चकचकीत, एका कडेला पांढरट वण असलेलं, ते सॅपोटेसी. युफोर्बिएसीचं फळ ओळखायला सगळ्यात सोपं, बहुतेक तीन खणांचं असतं, एका खणात एक बी. एरंडाचं काटेरी फळ फोडून बघा. एरंडाला पांढरा चीक नाही, तरी तो याच कुळातला, हे लक्षात ठेवा.

आणि एक महत्त्वाचं, रुईचा आणि निवडुंगाचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. हात लावल्यावर डोळे चोळू नका, पोरांना तर आधीच सांगून ठेवा.

निवडुंग म्हणजे कॅक्टस ना?

बांधावर लावतात तो जाड काटेरी, कोनाकोनाचा, तोडल्यावर भडाभडा दूध येणारा निवडुंग कॅक्टस नाही, तो युफोर्बिएसीचा. फड्या निवडुंग, चपट्या फडीचा, तो खरा कॅक्टेसीचा, तो मूळचा अमेरिकेतला आणि त्याला दूध येत नाही. त्याचे काटे एकेका गादीसारख्या ठिपक्यातून झुबक्यानं येतात.

शेंग दिसली म्हणजे शेंगांचंच कुळ?

शेवग्याची शेंग शेंगांच्या कुळातली नाही. आमटीत शिजलेली शेंग तोंडात घ्यायच्या आधी बघा, ती तीन भागात फुटते, आणि आतल्या बियांना तीन पातळ पंख असतात. शेवग्याचं कुळ वेगळं, मोरिंगेसी. हरभऱ्याचा घाटा, तुरीची शेंग, कोरेगावचा वाघ्या घेवडा उघडा, दोन भाग होतात आणि सगळे दाणे एकाच शिवणीला लटकलेले असतात. ही फॅबेसीची शेंग. मोहरीची शेंग उघडली तर दोन्ही टरफलं निघून मधे एक पातळ पडदा उरतो, दाणे त्याच्या कडेला. ते ब्रासिकेसी, कोबी-मुळ्याचं कुळ, फुलाला चार पाकळ्या आडव्या-उभ्या आणि सहा पुंकेसर, चार लांब दोन आखूड.

फॅबेसीचं फूल मात्र एकसारखं नसतं, त्यामुळं लोक अडकतात. घेवडा, भुईमूग, पळस यांचं फूल फुलपाखरासारखं, वर एक मोठी पाकळी, बाजूला दोन, खाली दोन जुळून होडी. गुलमोहर, बहावा, टाकळा यांच्या पाकळ्या बऱ्यापैकी मोकळ्या. बाभूळ आणि लाजाळूत तर पाकळ्या दिसतच नाहीत, नुसत्या केसरांचा गोंडा. पण फळ तिन्हीकडं शेंगच. अजून एक खूण, पानाच्या देठाच्या बुडाशी थोडी सूज असते, लाजाळूची पानं मिटतात ती या सुजलेल्या भागामुळंच.

वेलीचं कुळ कसं ओळखायचं? सगळ्या वेली सारख्याच दिसतात.

ताणा, म्हणजे वेल आधाराला गुंडाळते तो दोरा, कुठून फुटतो ते बघा. तासगाव-पलूसकडच्या बागायतदारांना हे सांगायलाच नको. द्राक्षाची बाळी, म्हणजे त्याचा ताणा, पानाच्या बरोबर समोर, पेराच्या पलीकडच्या अंगाला येते. आणि घड पण तिथूनच येतो, कारण मुळात दोन्ही एकाच अवयवाची रूपं आहेत, म्हणूनच तर हवामान बिघडलं की घडाची बाळी होते. ही व्हायटेसीची पक्की खूण, रानात द्राक्षाच्या कुळातली कुठलीही वेल बघा, बाळी पानासमोरच.

काकडी, दोडका, कारलं, भोपळा यांचा ताणा पानाच्या देठाच्या बाजूला फुटतो. यांच्यात नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या खाली आधीपासूनच बारीक काकडी किंवा दोडका लागलेला असतो, नर फुलाच्या खाली नुसता देठ. पहिली फुलं गळतात म्हणून घाबरून विचारणारे खूप असतात, ती बहुतेक नर फुलं असतात, ती गळणारच. हे कुकुर्बिटेसी. वाटाण्याचा ताणा पानाच्या टोकाला. आणि ताणाच नसेल, नुसतं खोड पीळ घालून चढलंय आणि फूल कर्ण्यासारखं असेल तर रताळ्याचं कुळ असण्याची शक्यता जास्त.

झेंडू, सूर्यफूल, गाजरगवत एका कुळातले कसे? काहीच साम्य नाही.

दसऱ्याच्या झेंडूची एक "पाकळी" बुडापासून ओढून काढा. तिच्या टोकाला काळं लांबट बी आणि वर दोन-चार खवले दिसतील. म्हणजे ती पाकळी नाहीच, ते एक अख्खं फूल आहे. झेंडू म्हणजे शंभरेक फुलांचा गुच्छ. सूर्यफुलात बाहेरची पिवळी फुलं दिखाव्याची आणि मधल्या तबकडीतली प्रत्येक छोटी नळी म्हणजे एकेक फूल, तिच्याखालीच एक दाणा भरतो. गाजरगवताचा पांढरा ठिपका भिंगातून बघितला की आत तीच रचना. शेवंती, करडई, एकदांडी, कासवरची सोनकी, सगळे अॅस्टरेसी. गुच्छाच्या खाली हिरव्या पाकोळ्यांची, म्हणजे पानासारख्या छोट्या खवल्यांची, एक वाटी असते, तिला लोक चुकून पुष्पकोश म्हणतात.

चौकोनी खोड म्हणजे तुळशीचं कुळ, बरोबर?

घाणेरीचं खोड पण चौकोनी असतं, आणि ती व्हर्बिनेसीतली आहे. म्हणून तुळशीची वाळलेली मंजिरी तळहातावर चोळून बघा, एका छोट्या वाटीतून चार बारीक दाणे निघतात. चौकोनी खोड, समोरासमोर पानं, दोन ओठांचं फूल आणि हे चार दाणे, एवढं जुळलं की लॅमिएसी. पुदिना, सब्जा, दीपमाळ, निर्गुडी आणि सागवान पण यातच. सागाची कोवळी फांदी चौकोनी असते, हे कुणी बघतच नाही.

एकाच कुळातलं म्हणजे खायला चालतं का?

अजिबात नाही. हे मनावर घ्या. वांगं, मिरची, बटाटा ज्या सोलॅनेसीत आहेत त्यातच धोत्रा आहे, आणि धोत्रा विषारी आहे. करवंद ज्या कुळातलं त्याच कुळात कण्हेर, आणि कण्हेरीचं पान, फूल, खोड, सगळंच विषारी. कुळ हे ओळखायला असतं, चव घ्यायला नाही.

सोलॅनेसीची ओळख सांगायची तर पाच जोडलेल्या पाकळ्यांचं फूल, आणि फळाबरोबर टिकणारा किंवा वाढणारा पुष्पकोश. वांग्याच्या फुलात पिवळे केसर मधे उभे असतात, त्यांच्या टोकाला भोकं असतात आणि काही मधमाश्या फूल धरून पंखांचे स्नायू थरथरवतात तेव्हा त्यातून पराग झडतात. पिवळा धोत्रा नावाचं पिवळ्या फुलाचं काटेरी तण मात्र या कुळातलं नाही, तोडल्यावर पिवळा चीक येतो, ते अफूचं कुळ, पॅपॅव्हरेसी. त्याच्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात भेसळ झाल्यानं 1998 मध्ये दिल्लीत अनेक लोक दगावले होते.

गवत आणि लव्हाळा यात फरक काय?

काडी बोटात धरून फिरवा. लव्हाळ्याचं खोड तीन धारांचं आणि भरीव लागतं, गवताचं गोल, पेरं असलेलं आणि बऱ्याचदा पोकळ. उसाच्या सरीत दोन्ही शेजारी शेजारी उगवतात, तिथंच बघा. लव्हाळ्याची पानं तीन बाजूंनी येतात, गवताची दोनच बाजूंनी. लव्हाळा सायपरेसी, गवत, ज्वारी, गहू, ऊस, बांबू पोएसी.

हळद आणि आलं मात्र यातलं काही नाही, झिंजिबरेसी. सांगलीच्या हळदीचं नाव सगळीकडं, 2018 मध्ये तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण शेतातल्या हळदीचं फूल किती जणांनी नीट बघितलंय? कणसासारख्या दांड्यावर हिरव्या-पांढऱ्या-गुलाबी पाकोळ्या दिसतात त्या फुलाच्या नाहीत, खरं पिवळसर फूल त्या खोबणीत लपलेलं असतं आणि त्यात कामाचा पुंकेसर एकच.

कासला कुठली कुळं बघायला मिळतात?

कास पठारावर 850 हून जास्त फुलझाडांच्या जाती नोंदल्यात आणि 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत ते आहे, त्यामुळं सगळं एका पानावर मावणार नाही. पण लोक जिथं गोंधळतात तेवढं सांगते.

पांढरी छोटी बटणं दिसतात ती गेंद, त्याला लोक सोनकीच्या कुळात घालतात कारण दोन्हीकडं गुच्छच आहे. पण गेंदाची पानं गवतासारखी बुडाशी गोळा झालेली, दांडा बिनपानाचा, ते एरिओकॉलेसी. मिकी माऊस म्हणून फोटो काढतात ते पिवळं फूल शेंगांच्या कुळातलं, फक्त त्याची शेंग पुष्पकोशातच घडी घालून बसते म्हणून दिसत नाही. सीतेची आसवं निळी-जांभळी, ती किडेखाऊ, बारीक पिशव्या मुळाकडच्या भागात असतात, लेंटिब्युलेरिएसी. दवबिंदू पण किडेखाऊच, पण त्याचं कुळ वेगळं, ड्रॉसेरेसी. छत्रीसारखा पांढरा फुलोरा असलेला पंद कोथिंबिरीच्या कुळातला, बाजारातली फुलावर आलेली कोथिंबीर बघितली असेल तर लगेच पटेल. चवर हळदीच्या कुळातली. टोपली कारवी अबोली-कोरांटीच्या कुळातली, अॅकँथेसी.

आणि तिथं फूल तोडायचं नाही, कापून बघायचं नाही. कापाकापी घरच्या जास्वंदीवर करा. पठारावर गुडघ्यावर बसून भिंगातून बघा, दगडाच्या कडेनं चाला, फोटोसाठी फुलांच्या गालिच्यात बसू नका.

जास्वंदीवर काय बघायचं मग?

ब्लेडनं उभी कापा. सगळे केसर एका नळीवर चिकटलेले, त्या नळीच्या आतून मधून स्त्रीकेसर वर आलेला, टोकाला पाच ठिपके. खाली पुष्पकोश, आणि त्याच्याही खाली बारीक पाकोळ्यांचं अजून एक कडं. भेंडी, अंबाडी, कापूस यांचीही फुलं अशीच. आणि पान चुरगळलं की बुळबुळीत. माल्व्हेसी.

माझ्या जुन्या पुस्तकात डाळिंबाचं कुळ वेगळं दिलंय, खरं कुठलं?

पुस्तक चुकीचं नाही, जुनं आहे. 1998 पासून डीएनए बघून कुळांची मांडणी नव्यानं होत गेली. डाळिंब आता लायथ्रेसीत, म्हणजे मेंदी आणि आपलं राज्यफूल तामण यांच्या घरात. आटपाडीकडं बहार धरलेली बाग बघायला मिळाली तर फूल हातात घ्या, पाकळी चुरगळलेल्या कागदासारखी असते, तामणीची पण तशीच, आणि मग बदल पटतो. साग लॅमिएसीत गेला, सावर माल्व्हेसीत आली, रुईचं वेगळं कुळ अॅपोसायनेसीत मिसळलं. दोन्ही नावं लिहून ठेवा, जुने लोक जुनंच नाव घेतात.

मोबाईल अॅपवर भरवसा ठेवू का?

फोटो नीट दिला तर उपयोग होतो, नुसत्या फुलाचा एक फोटो देऊन नाही. पानाची वरची आणि खालची बाजू, पानं फांदीला कशी लागलीत तो फोटो, फूल समोरून आणि बाजूनं, फळ असेल तर फळ. अॅपनं दिलेल्या नावाचं कुळ बघा आणि वरच्या खुणा झाडावर आहेत का ते तपासा. अॅपनं मिर्टेसी सांगितलं आणि पानं एकाआड एक दिसली तर जरा थांबा.

शाळेतल्या पोरांना काय दाखवू म्हणजे त्यांना गोडी लागेल?

अबोलीची वाळलेली बोंडं गोळा करा आणि वाटीभर पाण्यात टाका. थोड्या वेळानं ती फटकन फुटतात आणि बिया लांब उडतात. आत प्रत्येक बीच्या खाली एक छोटा आकडा असतो, त्याच्यामुळं बी फेकलं जातं, हा आकडा अॅकँथेसीत जवळपास सगळीकडं सापडतो. मग त्याच पोरांना कोरांटीचं, अडुळशाचं बोंड शोधायला लावा, ती आपणहून आकडा शोधतात. दाट पुष्पगुच्छात एकेका फुलाखाली पाकोळ्या असतात त्या पण दाखवा. बोंडं पूर्ण वाळलेली, तपकिरी झालेली घ्या, हिरवी फुटत नाहीत.